ब्राँझच्या निऱ्या, रेशमाचा पाया

बार्बरा चेस-रिबू यांच्या शिल्पांत वरचा भाग ब्राँझचा असतो आणि खालचा धाग्यांचा. ब्राँझ दुमडलेले, चुणलेले, निऱ्या घातल्यासारखे दिसते. त्याच्या खालून रेशमाचे, लोकरीचे किंवा सुताचे जाड दोर निघतात आणि जमिनीपर्यंत उतरतात. काही दोर नुसते सोडलेले, काही घट्ट गुंडाळून काठीसारखे ताठ केलेले, काहींना गाठी, काहींचा गोफ विणलेला. पाहणाऱ्याला वाटते, एवढा जडशीळ धातू या दोरांवरच उभा आहे. त्याला खरा आधार आतून दिलेला असतो आणि तो दोरांच्या मागे झाकून जातो. डोळ्यांना मात्र उलटेच दिसते : धातू मऊ झाला आहे आणि रेशमाने भार उचलला आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि आयुष्याचा मोठा काळ पॅरिसमध्ये घालवलेल्या या शिल्पकार बाईंनी पन्नासहून अधिक वर्षे ही उलटापालट केली. शिल्पांतून केली आणि कादंबऱ्यांतूनही. इतिहासाने ज्यांना तळाशी ढकलले त्यांच्याच खांद्यांवर हा डोलारा उभा होता, हे त्या दोन्हीकडे दाखवत आल्या.

त्यांचा जन्म २६ जून १९३९ रोजी फिलाडेल्फियातील एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्या एकुलत्या एक. सात-आठ वर्षांच्या असल्यापासूनच चित्रकलेच्या वर्गांना जाऊ लागल्या, त्यांत शहरातल्या मोठ्या कलासंग्रहालयात चालणारे मुलांचे वर्गही होते. १९५५ मध्ये त्यांचे एक लाकूडठसा-चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने विकत घेतले. तेव्हा त्यांनी वयाची विशीही गाठली नव्हती. टेंपल विद्यापीठाच्या टायलर कलाशाळेतून पदवी घेतल्यावर १९५७ मध्ये त्यांना जॉन हे व्हिटनी शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या रोमच्या अमेरिकन अकादमीत वर्षभरासाठी गेल्या.

पुढच्या सगळ्या कामाची बीजे त्या एका वर्षात सापडतात. रोममध्ये त्यांनी पहिल्यांदा ब्राँझचे ओतकाम केले. प्राण्यांची हाडे घेऊन त्यांवरून थेट ओतीव आकार घडवण्याचे प्रयोग तिथेच झाले. त्याच मुक्कामात त्या इजिप्तला जाऊन आल्या. अमेरिकेतल्या कलाशाळेत शिकवला जाणारा कलेचा इतिहास ग्रीसपासून सुरू व्हायचा. इजिप्तमधले प्रचंड दगड, देवळांच्या भिंती आणि शिलास्तंभ पाहिल्यावर ग्रीक-रोमन कला त्यांना एकदम लहान वाटू लागली. स्मारक म्हणजे काय, ते किती मोठे असावे, किती काळ टिकावे, हे प्रश्न त्यांच्या मनात तिथे शिरले ते कायमचे. परतल्यावर १९६० मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली. येलची ललित कलेतली ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या ज्ञात कृष्णवर्णीय स्त्री मानल्या जातात.

१९६१ मध्ये त्या पॅरिसला आल्या आणि त्याच वर्षी फ्रेंच छायाचित्रकार मार्क रिबू यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मॅग्नम संस्थेचे हे छायाचित्रकार सतत प्रवासात असत. लग्नाआधी भारतातही ते बराच काळ राहून गेले होते. दोघांना दोन मुलगे झाले. घर, मुले आणि प्रवास यांत शिल्पाचे काम काही वर्षे मागे पडले, पण पाहणे थांबले नाही. १९६५ मध्ये त्या पतीसोबत चीनला गेल्या. क्रांतीनंतरच्या चीनमध्ये त्या काळी अमेरिकी नागरिकाला पाऊल ठेवायला मिळणे ही दुर्मीळ गोष्ट होती. १९६६ मध्ये सेनेगलची राजधानी डकार इथे कृष्णवर्णीयांच्या कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरला, तिथे त्या होत्या. १९६९ मध्ये अल्जीअर्सला आफ्रिकी देशांचा सांस्कृतिक महोत्सव झाला, तिथेही होत्या. अल्जीरिया नुकताच स्वतंत्र झालेला, आफ्रिकेतले एकेक देश मोकळे होत चाललेले आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चळवळीतले लोकही तिथे जमलेले. त्यांच्या कामाला विषय मिळाला तो इथे, असे वाटचालीकडे पाहून म्हणता येते.

विषय मिळाला, तरी शिल्पाची एक अडचण शिल्लक होती, ती पायांची. उभ्या शिल्पाला खाली काहीतरी लागते : चौथरा, बैठक, नाहीतर पाय. चौथरा आला की शिल्प पाहणाऱ्यापासून तुटते. चेस-रिबू यांना तो काढून टाकायचा होता. उत्तर त्यांना पश्चिम आफ्रिकेच्या मुखवट्यांत सापडले. तिथल्या विधिनृत्यांत लाकडी मुखवट्याच्या खाली ताडाच्या तंतूंचा, गवताचा दाट झगा असतो. नाचणाऱ्याचे अंग आणि पाय त्यात पूर्ण झाकले जातात. माणूस दिसेनासा होतो आणि उरते ती एकच अखंड आकृती, वर कठीण आणि खाली सळसळती. युरोपीय संग्रहालयांनी हे मुखवटे बहुधा झग्याविनाच भिंतीवर टांगले. चेस-रिबू यांच्या शिल्पांत झगा परत आला.

धाग्यांचे काम शिकायला त्यांना गुरू मिळाली ती मैत्रीणच. शीला हिक्स या वस्त्रकलाकार त्यांच्या येलच्या दिवसांपासून ओळखीच्या, आणि त्याही पॅरिसमध्येच राहत होत्या. दोरावर दोरा गुंडाळून त्याला ताठपणा कसा आणायचा, गाठींची रांग कशी बांधायची, जुडग्यांचा भार कसा वाटून घ्यायचा, हे त्यांच्याकडून चेस-रिबू यांनी घेतले. त्या काळी कलेच्या जगात विणकाम, गाठकाम म्हणजे बायकांची घरगुती कारागिरी आणि ब्राँझ म्हणजे पुरुषांची थोर कला, अशी सरळ वाटणी होती. एकाच कामात दोन्हींना समान मान देणे हेच त्या वेळी मोठे धाडस होते.

ब्राँझची बाजूही जवळून पाहण्याजोगी आहे, कारण त्या निऱ्या नुसत्या दिसायला मऊ नाहीत, त्या एकेकाळी खरोखरच मऊ होत्या. आधी मेणाचे पातळ पत्रे तयार केले जातात. ऊब देऊन ते लवचीक करायचे, मग हातांनी दुमडायचे, चुरगाळायचे, फाडायचे, कापून पुन्हा चिकटवायचे. हे काम वेगाने उरकावे लागते, कारण मेण थंड झाले की तडकते. आकार मनासारखा झाला की त्याभोवती उष्णता सोसणारा साचा चढवतात आणि तो भट्टीत भाजतात. मेण वितळून वाहून जाते, पोकळी उरते. त्या पोकळीत हजार अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलेला तांबे-कथलाचा रस ओततात. थंड झाल्यावर साचा फोडायचा, ओतकामाच्या नळ्या कापायच्या, सांधे जोडायचे आणि मग धातूला झिलई द्यायची किंवा रसायनांनी काळा रंग चढवायचा. अशा थेट मेणकामात मूळ आकृती भट्टीतच संपते. ओतणे फसले तर कित्येक दिवसांचे काम गेले, पुन्हा तसेच करता येत नाही. त्यांची शिल्पे इटलीतल्या व्हेरोना शहरातल्या ओतशाळेत घडली.

ही पद्धत भारताला नवी नाही. मेणाला संस्कृतात 'मधूच्छिष्ट' म्हणतात, म्हणजे मधाचे उष्टे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मेणाची मूर्ती करून धातू ओतण्याची कृती दिलेली आहे, आणि बस्तरचे ढोकरा कारागीर आजही मेणाच्या तारा वळून मूर्ती घडवतात. धागा आणि ब्राँझ या दोन्ही माध्यमांत मोठे काम केलेली एक कलावंत भारतातही होऊन गेली. मृणालिनी मुखर्जी यांचा जन्म १९४९ चा, मुंबईतला. बडोद्यात शिकलेल्या मृणालिनीबाईंनी दोरांना गाठी मारून माणसाहून उंच देवतासदृश आकृती उभ्या केल्या आणि उतारवयात त्या ब्राँझकडे वळल्या. त्यांनी दोन माध्यमे एकामागून एक हाताळली. चेस-रिबू यांनी ती एकाच देहात सांधली.

या सांध्यातून पहिले मोठे काम उभे राहिले ते मॅल्कम एक्स यांच्या नावाने. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यातले हे जहाल आणि तेजस्वी वक्ते. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या एका सभागृहात भाषणाला उभे राहिले असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघे ३९. चेस-रिबू यांनी १९६९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ 'स्टेले' घडवायला घेतल्या. स्टेले म्हणजे उभी स्मृतिशिळा. गावाच्या वेशीवर वीरगळ पाहिलेल्या मराठी माणसाला ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको. फरक असा की वीरगळावर योद्धा कोरलेला असतो आणि या स्मृतिशिळांत मॅल्कम एक्स कुठेही दिसत नाहीत. चेहरा नाही, चष्मा नाही, उगारलेला हात नाही.

या मालिकेतले तिसरे शिल्प जवळजवळ दहा फूट उंच आहे आणि जेमतेम चार फूट रुंद. खोली मात्र एक फूटही नाही, म्हणून समोरून ते भिंतीसारखे भव्य वाटते आणि बाजूने पाहिले तर पातळ. वर सोन्यासारखे झळाळणारे ब्राँझ आहे. त्याच्या घड्या एकमेकींवर रेलल्या आहेत, काही धारदार, काही गोलसर. अर्ध्यावर येता येता घड्यांच्या फटींतून रेयॉन आणि सुताचे दोर बाहेर पडतात, तेही धातूशी मिळत्याजुळत्या रंगाचे. क्षणभर कळत नाही की धातू कुठे संपला आणि धागा कुठे सुरू झाला. खाली दोर जमिनीला टेकून थोडे पसरतात. एखादी राजवस्त्रे ल्यालेली व्यक्ती उभी आहे असेही वाटते आणि एखादे बंद दार असेही.

अशी पहिली चार शिल्पे १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या बर्था शेफर गॅलरीत मांडली गेली आणि वाद झाला. इतक्या देखण्या, अमूर्त, रेशमी वस्तूंचा रस्त्यावर लढलेल्या माणसाशी काय संबंध, असा आक्षेप आला. कृष्णवर्णीय कलावंताने कृष्णवर्णीय नेत्याचे स्मारक करायचे तर त्यात संताप दिसला पाहिजे, ही अपेक्षा त्यामागे होती. हा आक्षेप चुकीचा होता. राजे, सेनापती आणि धर्मपुरुष यांच्या स्मारकांना सौंदर्य चालते, तिथे कोणी हिशेब मागत नाही. मग मॅल्कम एक्स यांच्या वाट्याला ते का येऊ नये? घोड्यावर बसलेला पुतळा एक क्षण गोठवतो. या शिळा पाहणाऱ्याला आठवण्याचे काम स्वतः करायला लावतात. पुढे ही मालिका वाढत गेली. मधली अनेक वर्षे ती थांबली आणि नव्या शतकात पुन्हा सुरू झाली. २०१७ पर्यंत तिच्यात वीस शिल्पे झाली : सोनेरी, काळी, लाल. एका विषयाला सुमारे पन्नास वर्षे धरून राहणारे कलावंत फार थोडे.

१९७० च्या दशकात 'झांझिबार' मालिका झाली, काळ्या ब्राँझचे आणि काळ्या लोकरीचे 'कन्फेशन्स फॉर मायसेल्फ' हे गंभीर, झुकल्यासारखे शिल्प १९७२ मध्ये झाले आणि १९७३ मध्ये क्लिओपात्रेचा झगा. या झग्याची प्रेरणा चीनची. चीनमधल्या मानचेंग इथे १९६८ मध्ये हान घराण्यातला राजपुत्र ल्यू शेंग आणि त्याची पत्नी दौ वान यांच्या कबरी सापडल्या. दोघांचे देह जेडच्या चौकोनी चकत्या सोन्याच्या तारेने शिवून केलेल्या वस्त्रांत ठेवलेले होते. ल्यू शेंगच्या एकट्याच्या वस्त्रात २,४९८ चकत्या होत्या. चेस-रिबू यांनी जेडऐवजी ब्राँझच्या असंख्य लहान चकत्या ओतून घेतल्या, तारेने एकमेकींना बांधल्या आणि त्यांचे महावस्त्र केले. आत कोणी नसलेले, तरीही उभे. इजिप्तची राणी, चिनी दफनविधी आणि इटालियन ओतकाम, सगळे एका झग्यात.

याच काळात त्या लिहू लागल्या. १९७४ मध्ये आलेला त्यांचा पहिला कवितासंग्रह टोनी मॉरिसन यांनी संपादित केला होता. पुढे नोबेल मिळवणाऱ्या या लेखिका तेव्हा प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या. पण खरी खळबळ उडाली १९७९ मध्ये, 'सॅली हेमिंग्ज' या कादंबरीने. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांनी 'सर्व माणसे समान जन्मतात' असे सांगणारा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला आणि आयुष्यभर शेकडो गुलाम बाळगले. त्यांच्या मालकीच्या गुलामांत सॅली हेमिंग्ज ही स्त्री होती. तिच्या मुलांचे वडील जेफरसनच, असे दीडशे वर्षांहून अधिक काळ बोलले जाई आणि नामवंत इतिहासकार ते ठामपणे नाकारत. चेस-रिबू यांनी सॅलीला कादंबरीची नायिका केले, तिला आवाज दिला. कादंबरी खूप खपली, पारितोषिक मिळाले आणि जेफरसनच्या कैवाऱ्यांनी तिच्यावर झोड उठवली. १९९८ मध्ये डीएनए चाचणीने जेफरसन घराण्याच्या पुरुषवंशाचा आणि सॅलीच्या धाकट्या मुलाच्या वंशजाचा दुवा जुळवून दाखवला. २००० मध्ये जेफरसन यांचे घर सांभाळणाऱ्या संस्थेनेच कागदपत्रांसह सर्व पुरावा तपासून, जेफरसन हेच त्या मुलांचे वडील असण्याची दाट शक्यता मान्य केली. इतिहासकारांच्या आधी कादंबरीकार तिथे पोहोचली होती, तीही धातू आणि दोर हाताळणारी.

त्यानंतर 'एको ऑफ लायन्स' मध्ये 'अमिस्टाड' जहाजावरच्या १८३९ च्या गुलामांच्या बंडाची कथा आली आणि २००३ मध्ये 'हॉटेंटॉट व्हीनस'. ही कादंबरी सारा बार्टमन हिची. दक्षिण आफ्रिकेतल्या खोइखोइ समाजातली ही स्त्री युरोपात आणली गेली, लंडन आणि पॅरिसमध्ये तिच्या शरीराचे प्रदर्शन मांडून पैसे मिळवले गेले आणि १८१५ च्या अखेरीस ती पॅरिसमध्ये मरण पावली. मृत्यूनंतरही सुटका नव्हती. शास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिए याने तिच्या देहाची चिरफाड केली आणि तिचे अवशेष पॅरिसच्या संग्रहालयात विसाव्या शतकातही लोकांना दाखवले जात होते. २००२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला परत मिळाले आणि ९ ऑगस्टला तिचा दफनविधी झाला.

चेस-रिबू यांनी सारावर कादंबरी लिहिण्याआधीच तिला ब्राँझमध्ये उभे केले होते आणि तेही एका दफनभूमीवर. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर मॅनहॅटनमध्ये एका सरकारी इमारतीचा पाया खणताना माणसांची हाडे सापडू लागली. सतराव्या शतकाच्या अखेरपासून १७९४ पर्यंत शहरातले गुलाम आणि मुक्त आफ्रिकी लोक आपली माणसे इथे पुरत, कारण गावातल्या चर्चच्या आवारात त्यांना जागा नव्हती. पुढे शहर वाढले, भराव पडला, दफनभूमी विसरली गेली. उत्खननात ४१९ जणांचे अवशेष मिळाले. एकूण सुमारे १५ हजार माणसे तिथे पुरली गेली असावीत असा अंदाज आहे. कृष्णवर्णीय नागरिकांनी मोठे आंदोलन केले, बांधकामाचा आराखडा बदलावा लागला आणि २००३ मध्ये ते अवशेष सन्मानाने पुन्हा त्याच जागी पुरले गेले. इमारत झालीच, पण तिच्यासाठी सरकारने कलाकृतीही मागवल्या. त्यांतले चेस-रिबू यांचे 'आफ्रिका रायझिंग' १९९८ मध्ये उभे राहिले. सुमारे १८ फुटी ब्राँझ. वाऱ्यात पुढे झेपावणारी आकृती, फडफडणारी धातूची वस्त्रे. तिच्यात लूव्हर संग्रहालयातल्या पंखवाल्या विजयदेवतेचा आवेश आहे आणि शरीराची ठेवण सारा बार्टमनची. ज्या शरीराला युरोपने तमाशा केले, त्याला इथे विजयाचे रूप मिळाले. त्यांच्या सर्व कामांत हेच सर्वांत धीट म्हणावे लागेल. इथे धागा नाही, तरी ब्राँझ मात्र पूर्णपणे वस्त्र झालेले आहे.

जी स्मारके बांधायला पैसा आणि जागा मिळणे शक्य नव्हते, ती त्यांनी कागदावर उभारली. १९९६-९७ च्या सुमारास केलेल्या 'स्मारकचित्रां'त रशियन कवयित्री आना आख्मातोवा, फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला अशांसाठी काल्पनिक स्मारके आहेत : दगडी शिळा, त्यांतून निघणारे दोर, गाठी, घड्या, सगळे कोळशाच्या आणि शाईच्या बारीक रेघांत. गुलामांच्या जहाजांत अटलांटिक ओलांडताना मेलेल्यांसाठी भव्य स्मारक व्हावे म्हणून त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. ते झाले नाही.

मोठी मान्यता उशिरा आली. फ्रान्सने १९९६ मध्ये कला-साहित्याचा सन्मान दिला होता, पण जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी त्यांच्याकडे गंभीरपणे वळायला त्यांची सत्तरी उलटावी लागली. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाने मॅल्कम एक्स स्मृतिशिळांचे प्रदर्शन भरवले. २०२२ मध्ये सेंट लुईस आणि लंडन इथे मोठी सिंहावलोकने झाली, त्याच वर्षी आईला अनेक दशके लिहिलेल्या पत्रांतून घडलेले त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांची शिल्पे शिल्पकार अल्बर्टो जियाकोमेट्टी यांच्या कामांशेजारी ठेवली. याच संग्रहालयाने त्यांचा लाकूडठसा विकत घेतल्याला तेव्हा ६८ वर्षे झाली होती. २०२४ मध्ये लूव्हर आणि ऑर्से या संग्रहालयांसह पॅरिसच्या आठ संस्थांनी एकाच वेळी त्यांची कामे मांडली. वय तेव्हा ८५.

छायाचित्रांत ही शिल्पे चपटी होतात. दोरांचा भार आणि घड्यांतला अंधार त्यांच्यासमोर उभे राहिल्यावरच कळतो. न्यूयॉर्क-न्यू जर्सीत राहणाऱ्या किंवा मुलाबाळांकडे तिथे जाणाऱ्या मराठी वाचकांनी एक दुपार काढावी. लोअर मॅनहॅटनमध्ये २९० ब्रॉडवे या पत्त्यावर आफ्रिकी दफनभूमीचे राष्ट्रीय स्मारक आणि माहितीकेंद्र आहे, त्याला तिकीट नाही. 'आफ्रिका रायझिंग' त्याच इमारतीत उभे आहे.